परक्याचे धन

काही वस्तू अशा आहेत, की त्या आपल्या घरात पाहुण्या म्हणून येतात आणि पाहता पाहता घरच्याच होऊन बसतात. पावसात अडकलो म्हणून मित्राकडून आणलेली छत्री ही त्यांतली पहिली. 'उद्या परत करतो' असे सांगून नेलेले पुस्तक ही दुसरी. शेजारणीकडून लोणच्यासकट आलेली चिनी मातीची बरणी ही तिसरी. आरंभी या वस्तू आपल्याला टोचत असतात. येता-जाता त्यांच्याकडे नजर गेली, की 'अरे, हे द्यायचे राहिले' असे मन म्हणते. मग एके दिवशी त्या टोचेनाशा होतात. छत्रीला आपण नवी मूठ बसवतो, पुस्तकाला कव्हर घालतो, बरणीत साबुदाणा भरतो, आणि त्या दिवसापासून ती वस्तू आपली होते. तिचा खरा धनी ती मागायला आला, तर आपल्याला त्याचाच थोडासा राग येतो!

या यादीत चौथी भर मी घालू इच्छितो. ती म्हणजे भाडेकरूने घरमालकाकडे ठेवलेले डिपॉझिट. मुलीला परक्याचे धन म्हणायची आपल्याकडे रीत होती. ती मोडत चालली आहे हे फार चांगले झाले. कारण मुलगी कोणाचे धन नसते. पण ते शब्द ज्याला तंतोतंत लागू पडतात असे एक धन आजही घरोघर आहे, आणि नेमके त्यालाच कोणी परक्याचे म्हणत नाही.

निवृत्तीनंतर माणसे गुलाब लावतात, भजनी मंडळात जातात, टेकडीवर फिरायला जाऊन एकमेकांना आपापली रक्तशर्करा सांगतात. माझ्या वाट्याला एक वेगळाच छंद आला. गेली काही वर्षे मी लोकांची अडकलेली डिपॉझिटे सोडवून देतो. मी वकील नाही. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत बसून मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले, एवढेच माझे भांडवल. फी घेत नाही. फारच आग्रह झाला, तर पेढे घेतो.

या उद्योगात मी पडलो तो एका तुळशीमुळे. 2016 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात आमच्या समोरच्या इमारतीत बीडकडचा एक मुलगा राहत असे. एका संध्याकाळी तो दोन्ही हातांत दोन कुंड्या घेऊन दाराशी उभा राहिला. "काका, या तुमच्याकडे ठेवता का? जागा सोडतोय. ही तुळस आईने दिली होती, टाकवत नाही."

कुंड्या ठेवून घेतल्या. पण पोराचा चेहरा तुळशीपेक्षा सुकलेला होता. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला पन्हे दिले, आणि पन्ह्याच्या दुसऱ्या घोटाबरोबर सगळी हकीकत बाहेर आली. डिपॉझिट चाळीस हजारांचे. मालक परत देत होते साडेसहा हजार! त्याने खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. रंगकाम, अंदाजे 18,000. नळ व मोरी दुरुस्ती, अंदाजे 6,000. साफसफाई, अंदाजे 3,500. किरकोळ, 6,000.

तो कागद पाहताच माझ्यातला हिशेबनीस खडबडून जागा झाला. हिशेबातल्या दोन शब्दांचा मला जन्मभर तिटकारा आहे: 'अंदाजे' आणि 'किरकोळ'. जिथे जिथे पैसे गडप होतात तिथे तिथे हे दोघे दाराशी राखणदार म्हणून उभे असतात. मी म्हटले, "चल, मी येतो तुझ्याबरोबर."

आता खरे सांगायचे, तर मी इतका पेटून उठलो तो काही केवळ त्या मुलासाठी नव्हे. तसाच एक कागद मी पूर्वी पाहिला होता.

1983 साली आमचे नवे बिऱ्हाड डोंबिवलीला होते. दोन खोल्या, महिना दोनशे रुपये, आणि डिपॉझिट पाच हजार. पाच हजार ही तेव्हा माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराची रक्कम. कर्ज काढूनही ती पुरी होईना, तेव्हा हिने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या तिच्या आजीच्या होत्या. सराफाकडे गहाण ठेवल्या, विकल्या नाहीत. कारण डिपॉझिट परत आले की त्या सोडवायच्याच होत्या. पुढच्याच वर्षी माझी पुण्याला बदली झाली. मालकाने एक यादी पुढे केली आणि नऊशे रुपये हातावर ठेवले. टेम्पो दाराशी उभा होता, सामान चढले होते, दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर व्हायचे होते. मी यादीवर सही केली. पुढच्या दिवाळीला पाटल्या सोडवू, असे मी हिला सांगितले. त्या दिवाळीला जमले नाही, नि मुदत टळली. नंतरच्या काळात हिच्या हातांत पाटल्या आल्या, चांगल्या आल्या. पण त्या त्या नव्हेत.

असो. तर मी त्या मुलाबरोबर गेलो.

मनात एक राक्षस रंगवून गेलो होतो. दार उघडले ते एका सौम्य चेहऱ्याच्या, माझ्याच वयाच्या गृहस्थांनी. त्यांनी बसायला सांगितले, कोकम सरबत दिले. मी कागद पुढे ठेवून म्हटले, "यांतल्या प्रत्येक रकमेची पावती दाखवाल का?" ते आधी चिडले. 'घर माझे, मला विचारणारे तुम्ही कोण' हे झाले. मग 'आजकालची मुले घर कसे वापरतात' यावर थोडे भाषण झाले. मी सरबत पीत राहिलो. पावती एकच निघाली, नळाची, चौदाशे रुपयांची. मग बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी ते खाली मान घालून म्हणाले, "देणार नाही असं नाही हो साहेब. पण आणू कुठून? ते पैसे मुलीच्या लग्नात गेले."

त्या दिवशी या विषयातले सर्वांत मोठे गुपित मला कळले. डिपॉझिट अडवणारा मालक दर वेळी लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्याजवळ ते पैसेच नसतात. जुन्या भाडेकरूचे पैसे तो नव्याच्या पैशांतून देणार असतो, आणि नवा अजून आलेला नसतो. 'पैसे खर्च झाले' हे तोंडाने म्हणवत नाही. म्हणून मग भिंतीवर डाग दिसू लागतात, नळ गळू लागतात, खिळे मोजले जातात. यादी आधी होत नाही. आधी खड्डा असतो, आणि तो बुजेल एवढी यादी मागाहून होते.

तेव्हापासून मी मालकाला 'का देत नाही' असे विचारतच नाही. 'केव्हा आणि कसे देता' असे विचारतो. त्या गृहस्थांनी चौदाशे वजा करून 38,600 रुपये देण्याचे कबूल केले. पहिले 8,600 आणि मग दहा-दहा हजारांचे तीन हप्ते. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी मुलाने पेढे आणले. तुळस मात्र आमच्याकडेच राहिली. हो, तीही घरचीच झाली!

पेढ्यांचा वास लांबवर जातो म्हणतात. पुढच्या वर्षभरात आमच्या दिवाणखान्यात विद्यार्थी, नव्या नोकरीतली जोडपी, परगावच्या मुली, एकदा तर चक्क एक निवृत्त फौजदार येऊन बसले. त्यांच्या निमित्ताने मी कायद्याची पुस्तके चाळली, आणि हे डिपॉझिट आले कुठून याचाही शोध लागला.

डिपॉझिट हे भीतीचे अपत्य आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. पुष्कळ घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधली गेली. मालकांनी मग पागडी घ्यायला सुरुवात केली. ती कायद्याने गुन्हा होती, म्हणून टेबलाखालून घेतली. भाडेकरू नकोच म्हणून 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट निघाली. राहणारा भाडेकरू नव्हे, तर परवानगीने राहिलेला, एवढाच तिचा अर्थ. तोच 1973 साली दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे असे चालू करारावर राहत होते तेही कायद्याने भाडेकरू ठरले. मालकवर्गाच्या पोटात जो गोळा आला तो अजून पुरता विरलेला नाही. अकरा महिन्यांचा करार आणि भरभक्कम डिपॉझिट हे त्या गोळ्यावरचे घरगुती औषध. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि डिपॉझिट घेणे उजळ माथ्याने होऊ लागले. म्हणजे मालक भाडेकरूला भितो, भाडेकरू मालकाला भितो, आणि दोघांच्या मधोमध हे पैसे बसलेले असतात.

गंमत पाहा. आपल्या राज्यात या करारावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते काढताना सरकार परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर साल 10 टक्के व्याज धरते, ते भाड्याच्या बेरजेत मिळवते आणि त्या सगळ्यावर पाव टक्का शुल्क घेते. म्हणजे हे पैसे नुसते बसून नाहीत, ते कमावत आहेत, हे सरकारला माहीत आहे. मालकाला तर आहेच आहे. फक्त ज्याचे पैसे, त्याच्या हाती त्या व्याजातला छदामही येत नाही. आणि तो बापडा मुद्दल तरी मिळो म्हणून नवस बोलत असतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो कराराचा. 1999 च्या कायद्याचे 55 वे कलम मला आता रामरक्षेसारखे पाठ झाले आहे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीही. एवढेच नव्हे, तर असा करार नसेल तेव्हा अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरे धरले जाते. ते खोटे असेल तर तसे सिद्ध करण्याचे काम मालकाचे. 'आमचा करारच नाही हो' असे रडत आलेल्या माणसाला हे कलम ऐकवले, की तो रडता रडता ताठ बसतो.

दुसरे, पैसे बँकेतून दिले होते का? रोख दिले असतील तर नशिबाची परीक्षा असते. तिसरे, घरात शिरले त्या दिवशी काय होते आणि निघाले त्या दिवशी काय आहे, याचे काही चित्र? भिंती, नळ, पंखे, विजेच्या मीटरवरचा आकडा? किल्ली दिल्याची पोच? आणि चौथे, झीज कोणती नि नुकसान कोणते? इथे मी माझे एक साधे माप ठरवून टाकले आहे. काळाने केले ते मालकाचे, हाताने केले ते भाडेकरूचे. पाच वर्षांनी रंग उडतो तो काळामुळे; बेसिन फुटते ते हातातून वरवंटा सुटल्यामुळे. 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाही भाडेपट्ट्यापुरते थोडेफार हेच सांगतो, फक्त तो अधिक रुक्षपणे सांगतो.

या चित्रांवरून एक प्रसंग आठवतो. लातूरकडची एक परिचारिका आली होती. मालकीणबाईंनी तिच्या भिंतीतले खिळे मोजले होते: अकरा खिळे, दर खिळ्याला दोनशे रुपये. शिवाय भिंतीला ओल आली तीही म्हणे हिच्याच ओल्या कपड्यांमुळे. मी विचारले, "आलीस त्या दिवशीचे फोटो आहेत का?" ती म्हणाली, "भिंतींचे कोण कशाला काढेल काका? एक आहे, पण तो दुधाचा आहे."

नव्या घरात शिरताना शेगडीवर दूध उतू घालायचे, म्हणून तिची आई गावाहून आली होती. लेकीने आईचा फोटो काढला. पातेल्यातून दूध वर येते आहे, आई हात जोडून उभी आहे, आणि आईच्या मागे भिंत आहे. त्या भिंतीवर मी चष्मा लावून खिळे मोजले. नऊ! आणि वरच्या कोपऱ्यात ओलीचा हिरवट नकाशा, अगदी आजच्यासारखाच. तो फोटो मी मालकीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी आधी दूध पाहिले, मग आई पाहिली आणि मग भिंत पाहिली. दुसऱ्या दिवशी मुलीचे पैसे आले. दोन खिळ्यांचे चारशे तेवढे कापून. मी ते कापू दिले. हिशेब म्हणजे हिशेब. तेव्हापासून नव्या घरात जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की दूध अवश्य उतू घाला, पण प्रत्येक खोलीत जाऊन फोटो काढा!

सगळीच प्रकरणे अशी गोड होत नाहीत. पत्रे लिहावी लागतात. पूर्वी मी ती रजिस्टर टपालाने पाठवत असे. 2025 साली डाकखात्याने ती सेवा स्पीड पोस्टात मिसळून टाकली, तेव्हा जुना सहकारी निवृत्त झाल्यासारखे वाटले. पत्राने भागले नाही, तर वकिलाची नोटीस. तिनेही नाही, तर मी लोकअदालतीचा रस्ता दाखवतो. 1987 च्या कायद्याने झालेली ही सोय फार चांगली आहे. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते, वर अपील नाही. स्त्रियांना तर मिळकत किती हे न विचारता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. फक्त झोपून राहू नये. पैशांच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते.

आणि काही वेळा काहीच चालत नाही. मुंबईच्या एका गृहस्थांनी 'हेवी डिपॉझिट'वर जागा घेतली होती. दरमहा भाडे नाही, एकरकमी मोठी रक्कम द्यायची नि राहायचे. चार लाख दिले. मालकाने ते घर आधीच बँकेकडे गहाण टाकलेले होते. हप्ते थकले, बँकेने घराचा ताबा घेतला, आणि मालकाचा पत्ता लागेना. ते गृहस्थ दोन वर्षे माझ्याकडे येत होते. पुढे यायचे थांबले. त्यांची फाईल अजून माझ्या कपाटात आहे. ती काढून टाकावी असे हात म्हणतात, पण मन होत नाही.

माझी एक भाची 2018 साली शिकायला इंग्लंडात गेली. तिला फोनवर मी आपला नेहमीचा उपदेश सुरू केला, तर ती हसायलाच लागली. तिथे म्हणे 2007 पासून असा कायदा आहे, की मालकाने डिपॉझिट घेतले की ते ठरावीक मुदतीत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावे लागते. ती मुदत आता तीस दिवसांची आहे. एक तर पैसे तिथेच ठेवायचे, नाही तर त्यांचा विमा उतरवायचा. भांडण झाले, तर योजनेचाच तिऱ्हाईत माणूस पुरावे पाहून निवाडा करतो. आपल्याकडेही 2 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडे कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट नको आणि ताबा परत घेतानाच ते परत द्यावे, असे त्यात आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्यावाचून तो कोणाला बांधत नाही. मी भाचीला म्हटले, "तिथे माझ्यासारख्याला काही कामच नाही म्हणायचे!" ती म्हणाली, "मामा, काम नसणं हेच चांगलं नाही का?"

इथवर वाचून तुमचा माझ्याविषयी बरा ग्रह झाला असेल, तर आता तो जरा सैल करून ठेवा.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. 2019 साली त्या आम्ही सांगलीकडच्या एका नवपरिणीत जोडप्याला दिल्या. करार नोंदवला, फोटो काढले, वह्या केल्या. माझ्यासारख्याच्या घरी दुसरे काय होणार! डिपॉझिट पंचाहत्तर हजार. पोरे गोड होती. वरून पुरणाची पोळी खाली यायची, खालून वर अळूवडी जायची. 2022 च्या पावसाळ्यात आमची गच्ची गळू लागली. कारागिराने मोठा आकडा सांगितला. मी मनाशी म्हटले, 'ते पंचाहत्तर पडूनच आहेत. तात्पुरते घेऊ.' 'तात्पुरते' हा अंदाजे आणि किरकोळ यांचा तिसरा भाऊ. तो माझ्या यादीत नव्हता, म्हणून बिनबोभाट आत शिरला.

2024 च्या एप्रिलमध्ये त्या दोघांनी रीतसर महिन्याची सूचना दिली. मे अखेर जागा सोडणार. मी शुभेच्छा दिल्या आणि त्या रात्री टेबलापाशी बसून कागद पुढे ओढला. शपथेवर सांगतो, मनात काही खोट नव्हती. घर परत घेताना हिशेब करायचाच असतो, तो मी करू लागलो. भिंतींचा रंग खरोखरच उडाला होता. ओट्याच्या फरशीला खरोखरच एक चीर होती. लिहिता लिहिता ती चीर लांब होत गेली. कागद झाला तो असा: रंगकाम, अंदाजे 22,000. ओट्याची फरशी, अंदाजे 9,000. किरकोळ, 4,000. एकूण 35,000.

हिने झोपण्यापूर्वी पाणी आणून ठेवले. टेबलावर कागद दिसला, तो उचलून दिव्याखाली धरला आणि चष्मा नसल्यामुळे लांब हात करून वाचला. मग अगदी साध्या आवाजात, एखादा शब्द कळला नाही म्हणून विचारावा तसे म्हणाली, "हे अंदाजे म्हणजे किती हो?"

मी काहीच बोललो नाही. तीही बोलली नाही. पाटल्यांचे नाव तिने काढले नाही. चाळीस वर्षांत कधीच काढले नव्हते. कागद जिथल्या तिथे ठेवून ती सकाळचे तांदूळ निवडायला बसली. स्वयंपाकघरातून परातीचा आवाज येत होता, आणि मी माझ्याच अक्षरातल्या त्या यादीकडे पाहत होतो. डोंबिवलीच्या त्या घरमालकाचा मी चाळीस वर्षे राग केला होता. त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आले, की कदाचित त्याचीही गच्ची गळत असेल.

पाच वर्षे राहिल्यावर रंग उडतो, तो काळामुळे. ओट्याची चीर आमच्याच वहीत, 2019 च्या पानावर, माझ्याच हाताने नोंदलेली निघाली. सकाळी मी बँकेत जाऊन एक ठेव मुदतीपूर्वी मोडली. व्याजाचे नुकसान झाले. कारकून मुलीने विचारले, "आजोबा, काही अडचण आहे का?" मी म्हटले, "होती."

मे अखेरीस मुलांनी किल्ल्या दिल्या. मी विजेच्या शेवटच्या बिलाचे 640 रुपये वजा करून 74,360 रुपये तिथेच त्यांच्या खात्यावर पाठवले. सुनबाईच्या मोबाईलवर टिंग वाजली. ती चकित होऊन म्हणाली, "काका, इतक्या लवकर? आणि सगळे? आम्ही तर निम्मे गेले असंच धरून चाललो होतो." दोघे वाकून आमच्या पाया पडली. आयुष्यात पुष्कळदा मी पाया पडून घेतले आहे. पण इतके ओशाळे कधी वाटले नव्हते. त्यांचेच पैसे त्यांना दिले, त्याबद्दल ती माझे आभार मानत होती.

त्यानंतरही मी लोकांची कामे करतो. पण मालकांच्या दिवाणखान्यात बसताना आवाज आपोआप खाली येतो. कागदावर 'अंदाजे' दिसले, की पूर्वी मला चेव यायचा. आता आधी त्या घराच्या छताकडे लक्ष जाते.

जुलैत वर नवे बिऱ्हाड आले. त्यांचे ऐंशी हजार मी वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. ते खाते दोघांच्या नावे आहे, आणि हिच्या सहीवाचून त्यातला रुपया निघत नाही, अशी अट मी स्वतःच घालून घेतली आहे. व्याज वर्षाअखेर वर पाठवायचे ठरले आहे. शेजारचे एक मालक म्हणाले, "तुम्ही बाजार बिघडवणार!"

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला नेहमीप्रमाणे चौरंग मांडला. नाणी, दागिने, वह्या ठेवल्या आणि बँकेची सगळी पासबुके एकावर एक रचली. हिने समई लावली, हळदीकुंकवाचे करंडे घेतले, आणि थांबली. रचलेल्यांतले मधले पासबुक तिने अलगद बाहेर काढले.

"अहो, हे वेगळं ठेवा. ही त्यांची लक्ष्मी आहे, आपल्याकडे पाहुणी आलेली."

मी उठून आतून छोटा पाट आणला. चौरंगाशेजारी तो मांडला, त्यावर ते पासबुक ठेवले. हिने त्यालाही हळदीकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि जिन्यापाशी जाऊन वरच्या मुलांना प्रसादाला हाक मारली.